सर थांबा म्हनेपर्यंत

तुम्ही हसा, पन माह्यासंगं हे खरंच घडलं. नागभीडकडच्या दवाखान्यात मी नवीन नर्स होती. श्वास द्याचं, छाती दाबाचं ट्रेनिंग रबराच्या बाहुलीवर झालं. शिकवनाऱ्या सरांची ताकीद होती, “मी थांबा म्हनेपर्यंत थांबाचं नाई.” बाहुली तं कधी उठलीच नाई.

पुढच्याच हप्त्यात दवाखान्याजवळच्या तलावात मासे धरताना गावातला सुकरूभाऊ बुडाला. मी धावत गेली; लोकायनं बाहेर काढला तं श्वास बंद. तलावाच्या काठावर, पाळीवर झोपवून मी तोंडानं श्वास देल्ला, छाती दाबत राह्यली. बाजूले त्याची बायको रडून राह्यली. तो खोकलला, पानी ओकला, तरी माहे हात थांबेनात.

बायको ओरडली, “बाई, डोये उघडले त्यानं!”

मी म्हनलं, “पन सर कुठी हायेत?”

मंग सुकरूभाऊनंच माहा हात धरला. “थांबा, बाई.”