सात जणांचा वन्स मोअर

— नाई म्हनलं ना काकाजी, आता कितीदा म्हनू? बसा तुमी, बसा, बाकावरचे कपडे सरकवा तिकडं — गिऱ्हाईकाचेच हायेत, चुरगळले तं पुन्हा इस्त्री मारीन — पन रॉकेट भेटनार नाई. तुमच्या गावी बैलाईच्या शर्यतीचा पट भरते त्या रातच्या नाटकाले नाई, कोनाच्याच पटाले नाई. कृष्णराव हो म्हनले? म्हनतीनच. ते नाटक मंडळाचे अध्यक्ष, त्याईच्या हातात नारळ ठेवला का ते हो म्हनते. पन त्या सात जणांचे पांढरे डरेस शिवले कोनं? मी. प्रवेश लिवला, गानं लिवलं, कोनं? या चिंधूनं. आन हे काय हाये माह्या हातात, पाहा बरं नीट. शिवून नाई राहिलो जी, उसवून राहिलो. सहा झाले, हा सातवा. नेता का, एक बाही नेता?

हसू नका. मी कमी बोलतो तं लोकाईले वाटते याले रागच येत नाई. माप घेतो, मान खाली घालतो, मशीन चालवतो. गावाले वाटते चिंधू म्हनजे गाय. तुमी म्हनता इतका राग कायले, पब्लिकले आवडलं ना — काय आवडलं सांगा. सांगा ना. बघा! बॉम्ब. तुमाले बी बॉम्बच आठवला. रिकाम्या ड्रममंधी सुतळी बॉम्ब, आन वरून राळेचा भडका. आन आता म्हनता आमच्या गावी दोन बॉम्ब लावा. दोन! वरात हाये का ते? अहो, मानसं मेली जी तिथं, खरी मानसं. याच जानेवारीत, अमेरिकेत, आभाळात जाता जाता त्याईचं यान फुटलं. सात जन.

मी पाह्यलं ना या डोयानं. जवाहरनगरले माहा मावसभाऊ तेजराम फॅक्टरीत हाये, त्याच्या क्वार्टरात परदे द्याले गेलो होतो, तवा टीव्हीवर बातम्या लागल्या. ते चाललं, चाललं वर, सरळ — आन एकदम धुराले दोन शिंगं फुटली, बैलावानी, एक इकडं, एक तिकडं. खाली लोक उभे, माना वर करून. त्याईले समजलंच नाई अजून. मले बी नाई समजलं, मले वाटलं असंच राहत असन. मी परद्याच्या घड्या छातीशी धरून उभाच. आन खोलीतलं कोनी तरी म्हनते, थांबा, पुन्हा दाखवतीन. आन दाखवलं पुन्हा. मंग अजून एकदा. मले म्हनावं वाटलं बंद करा ते — पन मंग म्हनलं जाऊ दे, टीव्ही मशीन हाये बापा, मशीनीले काय समजते. मानसं असं नाई करनार.

काय? प्रवेश काहून लिवला? तुळसामुळं लिवला. तुळसा म्हनजे माही बहीन, बारावीले हाये औंदा. तिनं पेपर वाचून सांगतलं का त्या सातात एक मास्तरीन होती. साळेची, साधी मास्तरीन. वर जाऊन तिथून पोराईले धडा शिकवनार होती. तुळसा वाचून राहिली, मी मशीन थांबवली, आन माय चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. माय कधी उठत नाई जी पेपरसाठी. म्हने, मास्तरीन? खरंच मास्तरीन? पुन्हा वाच वं. — दोन वर्षांमागं आपल्या देशाचा मानूस वर जाऊन आला तवा दंडारीच्या खेळात पोवाडा झाला, तुमच्याच गावी झाला, आठवते का? मंग मनात आलं, जिता परत आला त्याचा पोवाडा, आन जे परत आले नाई त्याईचं काय? त्याईचं कोन गाईन? सिनेमावाले गातीन, अमेरिकेवाले गातीन. पन आमच्या पटाच्या नाटकात गायलं तं कोनाचं काय बिघडते?

म्हनून लिवला. मी सातवी सोडलेला मानूस, काना-मात्रा तुळसानं दुरुस्त केला. बांबूच्या ताटव्यांचं रॉकेट, वरून बेगड. सात जन शिडीनं चढते, हात हालवते, बॉम्ब फुटते, राळ उडते, अंधार. सगळं खतम. आन मंग — इथं खरा प्रवेश होता काकाजी, तुमाले मालूमच नाई — मंग एक कंदील येते आन चार पोट्टे पाट्या घेऊन रांगेनं बसते. बाईची वाट पाहते. आन पेटीवर गानं. ‘घंटा होऊन गेली, बाई नाई आली, पाटी कोरी ठेवा रे, बाई नाई आली.’ बस, एवढंच. शेवटी त्यातला एक पोट्टा उठते आन दुसऱ्याईले शिकवाले लागते. बाई नाई आली तं काय झालं, साळा बंद नाई पडत — असं होतं ते.

ऐकलं का तुमी हे गानं? नाई ऐकलं. कोनीच नाई ऐकलं. काहून का बॉम्ब फुटला, अंधार झाला, सगळा मांडव गप — काकाजी, दोन हजार मानूस गप, मी परद्याच्या फटीतून पाहून राहिलो, पह्यल्या रांगेतली म्हातारी पदर डोयाले लावून राहिली — आन तेवढ्यात खुर्च्याईकडून आवाज. वन्स मोअर! झालं. एकानं म्हनलं का शंभर म्हनते. आन आपल्या झाडीपट्टीत वन्स मोअर आला का द्याच लागते, नाई दिला तं पब्लिकचा अपमान. गान्याले द्या ना! नाचाले द्या! मरनाले कोन वन्स मोअर देते? पन कृष्णरावनं विंगेतून हात केला, उठा म्हने, उठा. आन ते मेलेले सात जन उठले. कपडे झटकले, पुन्हा शिडी चढले. पुन्हा फुटले. पुन्हा वन्स मोअर! तिसऱ्यांदा नत्थू — तो मास्तरीन झाला होता, एरवी नाचीचं काम करते — त्यानं वर चढता चढता कंबर हालवली. डोळा मारला. पब्लिक लोळून हसून राहिली. मंग कृष्णराव म्हनते उशीर झाला, पुढचा अंक घ्या. पाट्यावाले पोट्टे विंगेत बसून बसून झोपून गेले.

पब्लिक हाये, हौस हाये — हो, हाये ना हौस. हौसेले कोन ना म्हनते. पन तुमाले सांगतो, बायांच्या बाजूले माही माय बसली होती, पार्वताबाई, आन बाजूले तुळसा. पह्यल्यांदा फुटलं तवा माय रडली. पन तुळसाच्या पाठीवर हात होता तिचा, असा, पूर्ण पंजा. आमचे बाबा गेले तवा माय बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभी राहून म्हनली होती, पोरगा मशीनवर बसन, पन पोरगी भंडाऱ्याले जाईन, डी.एड. करन, मास्तरीन होईन. तोच हात होता तो. दुसऱ्यांदा फुटलं तवा हात पाठीवरून निंघाला. तिसऱ्यांदा लोक हसले आन मायनं तुळसाचं मनगट धरलं. घट्ट. घरी येवस्तोवर सोडलं नाई. आन सकाळी म्हनते, बारावीचे पेपर देऊन टाक, भंडारा-बिंडारा काई नाई, बाईमानूस वर गेली का लोक हसते आन देव तोडते. आता मामाले स्थळ पाहाले सांगतलं.

मायची चूक नाई. तिनं तीनदा पाह्यलं ना. एकदा पाह्यलं असतं आन मंग गानं ऐकलं असतं — नाई, तुमी समजून नाई राहिले. माह्या लिवन्यानं झालं हे. जे तिले जा म्हनन्यासाठी लिवलं, त्यानंच दार बंद झालं. आन तुमी म्हनता दोन बॉम्ब लावा!

कोन म्हनलं का वन्स मोअर तुमीच वरडले? मी नाव घेतलं का? मी म्हनलं खुर्च्याईकडून आवाज आला. खुर्च्या चारच होत्या, पाहुन्याईच्या. तुमाले घाम काहून सुटून राहिला? पंखा लावू? — नाई, राहू द्या, शपथ नका घेऊ. तुमी नसतं म्हनलं तं दुसऱ्यानं म्हनलं असतं. टीव्हीवर बी तेच झालं, खोलीत बी तेच झालं. पन मी सातवीतून निंघालो ना काकाजी, मले गनितं आवडे, मास्तर घरी आले होते सांगाले का याले काढू नका, आन तवा कोनी वन्स मोअर नाई म्हनलं. एकानं बी नाई.

मी नाई सांगू शकत मायले. तिच्यापुढं तोंडच उघडत नाई माहं. तुमाले सांगतो. तुळसा जाईन. स्थळ आलं तं परत जाईन, वर्षभर रात्रंदिवस मशीन मारीन, पन पोरगी भंडाऱ्याले जाईन. मायले भेव वाटते तं वाटू दे. भेवानंच ठेवलं तिनं मले या मशीनवर, आता तुळसाले बी कुठं तरी खुंट्याले बांधून टाकन, आन म्हनन माही पोरं जिती हायेत. जिती! असं जितं राहून —

हा चहा कवा आला?

माय ठेवून गेली? तुमी पाह्यलं तिले? मंग बोलले काहून नाई? मी इकडं तोंड करून... साय धरली जी याच्यावर. थंडागार.

नाई, उठा. काकाजी, उठा तुमी. चहा नको, काई नको, रॉकेट नाई म्हनून सांगा गावात, जा. चपला तिकडं हायेत. मले आत जाऊ द्या.