नाव घातलेली भांडी

न्हाय हो पावणं, झाकणासकट न्या तो कुकर, नुसतं झाकण ठेवून मी काय त्याची पूजा करू? आणि असं दारातनं आत डोकावू नका, या की व्हरांड्यात. घरात दुसरं कोण न्हाय. आई आणि आबा मुरगूडला गेल्यात आत्याकडं, येतील सांजच्या गाडीनं — म्हणून तर तुम्हाला आजच हाक मारली. आबा असता तर तुमच्याच भंगाराच्या गाडीवरनं दोन वस्तू उचलून घरात आणल्या असत्या. हसताय काय, खरं सांगते. कूलर बघितला न्हवं? त्यात मोटर न्हाय, जाळी न्हाय, नुसता पत्र्याचा डबा, पण आबा म्हणतो असू दे, लागतोय. कशाला लागतोय? कुणालाच म्हाईत न्हाय. आता नवरात्र तोंडावर आलंय, गल्लीत बघा, घराघरातला माळा खाली आलाय. घट बसायच्या आधी घर धुवायचं म्हणजे धुवायचंच — गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, बंद पडलेल्या पंख्याची पाती सुद्धा साबणानं पुसायची. आणि मग? मग सगळं परत वर. भंगार धुवून, वाळवून, परत माळ्यावर ठेवणारी माणसं तुम्ही दुसरीकडं कुठं बघितली काय? यंदा मी ठरवलंय, खाली आलेलं परत वर जाणार न्हाय. मोबाईलवर एक बाई सांगती, वस्तू हातात धरायची आणि मनाला विचारायचं, हिच्यामुळं आनंद होतोय काय? न्हाय होत तर बाहेर. त्या हिशोबानं आधी आबालाच व्हरांड्यात आणून ठेवाय पायजे — पण त्याला तुम्ही पण नेणार न्हाय.

ह्या ढाली घ्या. दूध संस्थेचा माजी संचालक, माजी होऊन कैक वर्षं झाली, पण सत्कार कुणाचा का असंना, फोटोत आबा. शाली तर इतक्या की आमच्या अख्ख्या कळंब्याला थंडी वाजली तरी पुरतील, आणि आई गारठून बसली तरी त्यातली एक काढायची न्हाय — मानाच्या त्या. आईची ट्रंक तर विचारूच नका. गेल्या साली झुंबरआत्याच्या पोराच्या लग्नात आईनं त्या ट्रंकेतलं पातळ काढून आत्याला आहेर केला. आत्यानं भर मांडवात घडी उलगडली, तर आत आत्यानंच टाचलेली चिठ्ठी, आईच्या नावाची. आईला कवातरी आत्यानंच दिलेलं की हो ते! सगळ्या मांडवानं बघितलं. दुसऱ्या घरची बाई असती तर घरी येऊन ट्रंक पेटवली असती. आमच्या आईनं काय केलं? यंदा पहिल्यांदा सगळ्या घड्या उलगडून चिठ्ठ्या काढल्या. सुधारणा म्हणायची ही.

ते पोतं? व्हय, ते पण. सोडा की. स्टीलच हाय, जाड हाय — नवीन कशी म्हणजे? नवीनच हाईत, चूल बघितली न्हाय त्यांनी अजून. अहो, लग्नाची भांडी. पोरगी जरा मोठी दिसाय लागली की आमच्यात आया दर दिवाळीला एकेक भांडं घेऊन ठेवत्यात, आणि दुकानातच नाव घालून घेत्यात, म्हणजे मधी कोण उचलाय नको. वाचा की. स्वप्नाली आकाराम चौगले. आकाराम म्हणजे आबा, आमचा बाप. न्हाय न्हाय, मी न्हवं, मी क्रांती. ती थोरली.

असती कुठंतरी. कुरुंदवाडला असती. गल्ली म्हणती पळून गेली — पळाली कुठली, सकाळी बस धरून गेली, रोज जायची तशी, डबा पण घेऊन. पोरगा जातीतला न्हवता, बास. त्या दिवशी आबानं तिचे फोटो भिंतीवरनं उतरवले आणि दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज बंद. एकीनं केलं की दुसरी पण करणार, हे आबाचं गणित. गणितात मी त्याच्यापेक्षा बरी होते की, इंजिनिअरिंगला होते, दुसऱ्या वर्षाला — पण ऐकतंय कोण. ती सुटली आणि कोंडली मी. राग न्हाय काय म्हणताय तिच्यावर? लई हाय. एका गोधडीत झोपायचो आम्ही, एक शब्द सांगून जायला काय झालं होतं तिला? मी काय अडवणार होते? ...अडवलं असतं कदाचित. जाऊ दे ते.

आणि आईचं ऐका. घरात स्वप्नालीचं नाव काढायचं न्हाय, आबाचा हुकूम, आणि आई तो पाळती पण. पण दर नवरात्राला हे पोतं खाली येतंय. आई एकेक भांडं घासती, उन्हात वाळवती, नावावरनं अंगठा फिरवती, जुन्या धोतरात गुंडाळती, आणि परत वर. तोंडातनं अवाक्षर न्हाय. मी वाट बघत बसायची, आता बोलंल, आता आबाच्या अंगावर जाईल. कुठलं काय, घासती नुसती.

मग आत्ताच का काढताय म्हणजे? उद्या रविवार. मला बघायला पावणं येणार हाईत. आबानं त्यांना फोनवर काय सांगितलं म्हाईत हाय? 'आम्हाला एकच पोरगी.' माझ्यासमोर सांगितलं, आवाज पण हलला न्हाय त्याचा. आणि परवा जेवताना आईला म्हणतो, ती भांडी पॉलिशला टाकू, नाव घासून निघतंय, त्यावर क्रांतीचं घालू, उगच नवीन कशाला घ्यायची. पोरीचं नाव घासून काढायचं आणि तेवढ्याच जागेत दुसऱ्या पोरीचं बसवायचं — ह्याला आमच्यात काटकसर म्हणत्यात. आई काय म्हणाली? 'बरं' म्हणाली. आणि आबाला भाकरी वाढली. म्हणून म्हटलं मोडीत जाऊ देत. तिची न्हाईत, माझी पण न्हाईत, मिटलं. घाला की काट्यावर. आबाला विचारू? झालं! तुम्हाला पण घरातला बाप्याच लागतोय बोलायला. मी एवढा वेळ काय मांजरासारखं म्याव म्याव करत होते?

हातोडा कशाला काढला? चपटी करणार? मावत न्हाईत व्हय तुमच्या पोत्यात. करा की, मोडच हाय ती. तो मोठा डबा घ्या आधी, तोच लई जागा खातोय —

ओ. थांबा. थांबा म्हटलं न्हवं!

द्या इकडं. काय झालं न्हाय मला. पोचा पडलाय नुसता... नाव वाचता येतंय. स्वप्नाली वाचता येतंय. ठेवा तो हातोडा खाली. ढाली न्या, कूलर न्या, शाली फुकट न्या, पण ही भांडी जाणार न्हाईत. व्हय, आत्ता मीच म्हणाले मोड म्हणून. म्हणाले, मग? तुमच्या बापाचं काय जातंय?

परत वर पण जाणार न्हाईत, ते तुम्ही नका सांगू. उद्या पावण्यांना आल्या-आल्या पाणी द्याय लागतंय, तर तांब्या ह्यातलाच, पेले ह्यातलेच. पोहे ह्याच ताटल्यात. आणि नाव त्यांच्याकडं करून ठेवणार, वाचाय येतंय असं. विचारू देत की, ही स्वप्नाली कोण. सांगू दे मग आबाला, सगळ्यांसमोर. आणि आबानं न्हाय सांगितलं तर आई हाय, बसू दे तिला गप्प, बघू किती वेळ बसती. तिनं पण न्हाय सांगितलं तर मी कशाला हाय?

काय बघताय तोंडाकडं? तो कूलर उचला आणि निघा. फाटक ओढून घ्या जाताना.