सासूबाईंचा आवाज आणि माझा कॉम्प्रेसर

...आणि वर मेहुणा मलाच विचारतो, "भावजी, आईचा आवाज दाबलात?" अहो, दाबला नाही हो, आवरला! तुम्हाला सांगतो, सभागृहात साउंडवाला म्हणून मी कुणाकुणाची भाषणं सोसली, पण घरचं कार्य? वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये! सासरे निवृत्त झाले, त्यांचा निरोप समारंभ, तर बायको म्हणाली, "साउंड तूच बघ, बाहेरचा कशाला?"

आता माणसं बघा. सासरे ग्रंथपाल. उभा जन्म 'शुऽऽ' करण्यात गेला, त्यामुळे घरातही कुजबुजतात. मीठ मागितलं तरी वाटतं काहीतरी गुपित सांगतायत. आणि सासूबाई? शाळेत खेळाच्या शिक्षिका! मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचं पोर जागच्या जागी थांबवायच्या, तेही शिट्टीशिवाय! ही दोन माणसं एकाच स्टेजवर, एकाच स्पीकरमधून... काय करणार मी?

कॉम्प्रेसर लावला. घाबरू नका, सोपं आहे. आपण एक रेघ ठरवायची. आवाज रेघेच्या वर गेला की यंत्र त्याला अलगद खाली घेतं, खाली असला की त्याच्या वाटेला जात नाही. आणि लिमिटर म्हणजे शेवटची भिंत, तिच्यापुढे जायचंच नाही! सासूबाईंना दोन्ही लावले. सासऱ्यांच्या कॉलरला माइक, त्यांची रेघ अगदी तळाशी, आणि सगळं चेपून झालं की वरून आवाजाला भरपूर उचल. म्हणजे त्यांची कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार.

सासूबाई बोलायला उभ्या राहिल्या... आणि काय सांगू, मधासारखा आवाज! लोक एकमेकांकडे बघतायत, या बाई इतकं गोड बोलतात? एवढ्यात माझा मेहुणा, घरी इस्त्री लावली तरी फ्यूज उडवणारा, पाठीमागून आला. "भावजी, आई बोलली की हा दिवा लाल का होतो?"

"आवाज वर गेला की यंत्र खाली घेतं."

"म्हणजे आईचा आवाज दाबताय?"

अरे बाबा, दाबला नाही, आवरला! पण तोवर त्यानं माझ्या साउंड मिक्सरच्या पडद्यावर बोट ठेवलं होतं... कॉम्प्रेसर बंद!

"या माणसानं मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही!" सासूबाई गरजल्या. खिडक्यांच्या काचा थरथरल्या हो! लिमिटर बिचारा एकटाच दार धरून उभा! मी बटण शोधतोय, तर मेहुण्याच्या बोटानं पडद्याचं पानच बदललेलं. डिजिटल मिक्सरचं हे असं, एक बटण हवं तर चार पानं उलटा!

तेवढ्यात सासूबाई श्वास घ्यायला थांबल्या, आणि अख्ख्या सभागृहात, अगदी स्वच्छ, सासऱ्यांचा आवाज घुमला, "झालं... आता जेवण गार होईपर्यंत ही थांबत नाही."

जो हशा उसळला! सासऱ्यांना वाटलं, सासूबाईंनीच काही विनोद केला. शेजारच्याला विचारतात, "काय म्हणाली ही? मी ऐकत नव्हतो." तेही घुमलं!

सासूबाई वळल्या. "आयुष्यभर हेच पुटपुटत होतात?"

"...हो." घुमलं!

आणि मी? मी अजून पानंच उलटतोय! म्हटलं संपलं, आता सासुरवाडी बंद. कार्यक्रम आटोपला तशा सासूबाई तडक मिक्सरपाशी.

"जावईबापू, माझा आवाज दाबलात म्हणे?"

"दाबला नाही हो आई, आवरला..."

"ते राहू द्या. यांचा कसा ऐकू आला ते सांगा. मला इतकी वर्षं वाटायचं, मी बोलते तेव्हा हे माझ्या बोलण्याला हुंकार देतायत! हे सगळं घरी आणून बसवा."

बसवलं! सांगणार कुणाला? तेव्हापासून सासऱ्यांनी तोंड म्हणून उघडलेलं नाही. आणि सासूबाईंचा रोज फोन, "जावईबापू, उचल वाढवा!" अहो, माणूस बोलतच नाही तर उचलू काय? शेवटी परवा दुपारी वाढवली.

अख्ख्या बिल्डिंगला सासऱ्यांचं घोरणं ऐकू गेलं... आणि तक्रार घेऊन लोक आले कुणाकडे? साउंडवाल्याकडे!