नागोठण्याची पाटी

विषय — पेण ते रोहा मोटार चालवण्यास मी लायक आहे किंवा कसे. संदर्भ — तुमचा तो वरच्या कडीला लटकलेला हात. नाय, असू दे, धरा — एक हात गणपतीला, एक कडीला, तिसरा असता तर तोही कुठेतरी धरला असता तुम्ही. अहो, जन्म आवक-जावकच्या टेबलावर गेला माझा, समोरच्यानं तोंड न उघडता केलेला अर्जही वाचता येतो. मघाशी वडखळजवळ गाडी जरा बाजूला गेली, हाच ना मुद्दा? खड्डा चुकवला. खड्डा नव्हता? बरं, नव्हता. या रस्त्यावर खड्डा नसलेली जागा दिसली म्हणून दचकलो, समजा.

आता तुम्ही पेणच्या स्टँडवर मूर्ती घेऊन उभे, एसटीत पाय ठेवायला जागा नाय, देवाला काय दांडीला लटकवणार? म्हणून म्हटलं बसा, मीही रोह्यालाच चाललोय. कशाला म्हणजे — दाखला आणायला. लायसन्सची मुदत संपत आलीय, नूतनीकरणाचा अर्ज टाकलाय, आणि या वयात डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. पेणच्या डॉक्टरांनी सही करायची सोडून विचारलं, घोरता का? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी तेव्हा झोपलेला असतो. पण बायको सोबत होती, शांती — ती लगेच साक्षीला उभी. म्हणाली, घोरण्याचं काय नाय हो डॉक्टर, घोरणं थांबतं ना, तेव्हा मी उठून दिवा लावते; श्वासच बंद, आणि मग बुडता माणूस वर यावा तसे धडपडून उठतात. झालं! डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो तुमचा, मेंदू रात्रभर तुम्हाला हलवून जागं करतो, आणि सकाळी तुम्हाला त्याचा पत्ता नसतो. मग दिवसा तोच मेंदू मध्येमध्ये रजेवर जातो. रजेवर — आणि अर्ज न देता! आधी झोपेची तपासणी करा, मग नाकाला नळीचं यंत्र लावून झोपा, तोवर गाडी बंद. नाकाला नळी म्हणजे सोंडच की — माफ करा, तुमच्या मांडीवरच्यांना उद्देशून नाय बोललो. त्यांना शोभते.

रोह्याचा डॉक्टर असलं काय विचारत नाय म्हणे. बीपी बघतो, सही करतो. आणि विचारायचं काय? माझं वाचन अजून चालू आहे. एकच पान तीन-तीनदा वाचतो, पण पान चांगलं असेल तर माणूस वाचणारच. सकाळी डोकं जड असतं, ते सरकारी नोकरी केलेल्या सगळ्यांचंच असतं. परवा व्याह्यांना फोन लावला आणि —

शांतीचं मात्र वाचन वाढलंय. आयुष्यभर मोजकं बोललेली बाई, आता गाडीत बसली की दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचते. 'वडखळ आलं हो. इथे ताजे मासे मिळतील. पंक्चर काढून मिळेल. नागोठणं आलं हो, वळा.' मी म्हणायचो, गो बाय, साक्षरता वर्गात नाव घातलंस काय? आज आली नाय. म्हणाली, तपासणी होत नाय तोवर या गाडीत बसायची नाय मी. आणि खोलीचं दार लावून घेतलं. बरं झालं, कानांना विश्रांती. आता नागोठण्याला वळलो की भिसे खिंड, मग रोहा कितीसं — काय? काय मागे गेलं?

नागोठणं? छे हो, यायचंय अजून. हे तर... ही तर सुकेळीची खिंड. म्हणजे फाटा गेला. मग बोललात का नाय? बोललात? दोनदा? आणि मी? 'व्याह्यांना फोन लावला' म्हणून गप्प झालो आणि एकदम शांतीवर आलो? डोळे उघडे होते ना माझे? उघडे होते म्हणता... मग गाडी कोण चालवत होतं, राव? — ट्रेलर! देवाला धरा, धरा! — गेला. गेला. बाजूला घेतो. घ्या, बंद केली. मूर्ती ठीक आहे ना? तोंडावरचा रुमाल सरकलाय, झाका नीट, घरी पोचेपर्यंत उघडायचा नसतो. माझं चालवणं त्यांनी बघितलं तेवढं पुरे.

पाट्या वाचायची ती... आणि मी तिला साक्षरता वर्गाचं ऐकवत होतो. खरं सांगू? स्टँडवर तुम्हाला देवाखातर नाय बसवलं. बोलायला माणूस हवा होता शेजारी. शांती नाय, तर तिच्या जागी बदली कर्मचारी. ठाऊक होतं मला. ठाऊक असून बसवलं तुम्हाला, मांडीवर देव घेऊन.

लायसन्स आहे तुमच्याकडं? मग ही किल्ली. या इकडे. देवाला मागे ठेवू, पट्टा लावू — नको, माझ्या मांडीवर नको. गाडी फिरवा नागोठण्याकडं. रोह्यात तुमच्या दारात राहू दे ती, मी एसटीनं जाईन परत. डॉक्टर? कुठला? त्याच्याकडं नाय जायचं आता. पेणच्याच डॉक्टरांकडं जाईन, शांतीला घेऊन. चला. पाट्या मी वाचतो. 'वाहने सावकाश चालवा.' ऐकू आलं ना? 'नागोठणे.' वळा. अर्जाचं म्हणता? अर्ज प्रलंबित आहे.