दाजींना गोलात उभं करत नसतात

...आणि म्हणे पासपोर्ट आपला नाही, म्हणून ते पोरगं आपल्या देशाच्या फुटबॉल टीममध्ये चालत नाही! अहो, आजा इथला, आडनाव इथलं, तिकडं परदेशात बसून आपली जर्सी घालायची म्हणून पोर तळमळतंय, आणि टीव्हीवर कोट-टायवाले भांडतायत, हा नक्की कुठला? मी बायकोला, रुक्मिणीला म्हटलं, बंद कर तो टीव्ही, डोकं फिरतंय माझं. तर म्हणते, "तुमचं काय जातंय? तुम्हाला कुणी बोलावलंय का खेळायला?" बघा! वर्मावर बोट ठेवावं तर हिनंच!

कारण तुम्हाला सांगतो, 'तू कुठला?' हा प्रश्न चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसलाय. मी परांड्याकडचा. मोशीत खोली घेतली, तेव्हा मोशी काय होती राव! आता ते टॉवर आहेत ना, खाली जिम अन् वर पोहायचा तलाव, तिथं गव्हाचं रान होतं. गहू निघाला की त्याच रानात फुटबॉल! फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरायचं आणि डबा हातात घेऊनच पळायचं. गोलाला दोन वासे, आणि जाळी कसली? चाकण मार्केटातल्या कांद्याच्या गोण्या शिवलेल्या! गोलकीपर मी. डोळ्यांतून सारखं पाणी. बघणाऱ्यांना वाटायचं, गोल खाल्ला म्हणून रडतोय... अहो, गोल खातोय कोण? संध्याकाळी इंद्रायणीकडून वारा यायचा, अंगावरची माती वाळायची, घरी जावंसंच वाटायचं नाही.

तर जत्रा! जत्रेला गावागावांच्या मॅची. आमच्यात निवड समिती म्हणजे मारुतराव. कॅप्टन तेच, समिती तेच, आणि बॉलसुद्धा त्यांचाच. रोज सरावाला गोलात मी, आणि जत्रेच्या सकाळी मारुतराव मिशीवरून हात फिरवत विचारतात, "दत्त्या, तू कुठला?" म्हटलं, आता इथलाच की. "हितं तुझं रान हाय? न्हाई. भावकी हाय? न्हाई. कुणी सोयरं? त्ये बी न्हाई. मग गावकरी कसा? नेम म्हंजी नेम."

आता रान घेणं माझ्या बापाला जमलं नसतं, भावकी काय विकत मिळते? राहिली सोयरीक! कंपनीत पर्मनंट झालो होतो, मध्यस्थ गाठला, आणि स्थळ कुठलं निघावं? मारुतरावांची चुलतबहीण, रुक्मिणी! तुम्हाला खोटं वाटेल, तिनं पोह्यांची बशी पुढं केली आणि माझ्या डोळ्यांपुढं ते दोन वासे! मुलगीही आवडली हो... हळू बोलतो, आत ऐकतीय ती.

लग्न झालं. पुढच्या जत्रेला मी चड्डी-बनियनवर थेट रानात हजर. मारुतराव किंचाळलेच, "अवो दाजी! ह्ये काय?" काल-परवाचा दत्त्या, एकदम दाजी! म्हटलं, झालो ना आता गावचा? "गावचं जावई तुमी! तुमाला मातीत लोळवायचं? चऱ्होलीकरांनी तुमच्या छाताडावर बॉल हाणायचा? लोक शेण घालत्याल आमच्या तोंडात! ए, दाजींना खुर्ची आणा!" झालं. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, मी मांडवात. आणि गोलात कोण? जयसिंग! बॉल आला की पाठ फिरवणारा जयसिंग! एकेक गोल बसतोय, आणि दर गोलाला कुणीतरी सरबत घेऊन येतंय, "घ्या दाजी." काय घ्या? घोट उतरेना घशाखाली!

मग चिडून आमच्या गावाकडच्या जत्रेला गेलो. तिथं सख्खा चुलतभाऊ म्हणतो, "तू कुठला आता आमचा? तू पिंपरी-चिंचवडवाला!" म्हणजे इकडचा नाही, तिकडचाही नाही. फुटबॉललासुद्धा एवढं लाथाडत नसतील.

यंदा जत्रेला टर्फवर मॅच ठरली, गावठाण विरुद्ध सोसायट्या, तीही वयस्कांची. म्हटलं गुडघे आहेत तोवर एकदा उभं राहू. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी निरंजन, आयटीवाला, गोड हसून म्हणाला, "काका, तुम्ही तर लोकल ना!" लोकल! अहो, उभा जन्म हा शब्द ऐकायला गेला माझा. त्याला मिठीच मारायला निघालो... आणि कळलं, लोकल म्हणजे गावठाणवाला, हा मला टीमबाहेर काढतोय!

तसाच मारुतरावांकडं गेलो. आता काठी टेकत चालतात. म्हटलं, आता तरी? त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडलाच नाही. म्हणाले, "दाजी, रान गेलं, भावकी पांगली, जत्रेला आता वळखीचं तोंड दिसत न्हाई. जावयाचा मान ठिवायचा, एवढंच गावपण ऱ्हायलंय आमच्याकडं. त्ये बी काढून घेता व्हय?" माझ्या डोळ्यांत पाणी, आणि यावेळी कांदेही नव्हते. मारुतराव लगेच मागं वळून ओरडले, "ए, दाजींना खुर्ची!"

बसलो. सरबतही घेतलं. म्हणून म्हणतो, त्या परदेशातल्या पोराला कुणीतरी निरोप द्या. बाबा रे, पासपोर्ट बदल, घर बदल, देश बदल, सगळे नियम पाळ... फक्त टीममध्ये नाव येईपर्यंत इथली मुलगी करू नकोस!