काळी जीभ

(इस्पितळातला बाक. समोरच्या खोलीचं दार लोटलेलं.)

सासू : आत पाऊल टाकायचं नाही. आधी सांग, सकाळी काय बोललीस माझ्या लेकाला?

सून : सरका आई. नवरा आहे माझा. हात भाजलाय त्यांचा.

सासू : म्हणूनच विचारतेय. तुझी जीभ काळी. वाईट बोलतेस आणि तेच होतं.

सून : झालं सुरू! या घरात दूध उतू गेलं तरी माझीच जीभ काळी.

सासू : मग? सासऱ्यांच्या खोकल्याला काय म्हणालीस? 'हा साधा नाही.' महिन्याभरात गेले.

सून : 'डॉक्टरकडे न्या' असंही म्हणाले होते. तेवढं बरं कुणाच्या कानात शिरलं नाही!

सासू : आवाज खाली.

सून : का? आवाजही काळा आहे का माझा?

सासू : आणि तुझ्या नणंदेचं लग्न? 'मुलात काहीतरी काळंबेरं आहे' म्हणालीस. मोडलं!

सून : त्याची पहिली बायको दारात येऊन उभी राहिली म्हणून मोडलं! वन्सं वाचल्या, त्याचं काहीच नाही?

सासू : मला शिकवू नकोस. आज काय अभद्र बोललीस ते सांग, नाहीतर तोंड काळं कर इथून.

सून : काहीच बोलले नाही.

सासू : खोटं.

सून : लग्न मोडलं त्या दिवशी तुम्हीच ना मला देवापुढे उभं केलंत? यांच्या डोक्यावर माझा हात ठेवून म्हणवून घेतलंत, 'पुन्हा असलं बोलणार नाही.' माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आई. पाळला मी.

सासू : त्याचं इथे काय?

सून : आज आपली लॉन्ड्री उघडली तेव्हा वाफेच्या इस्त्रीची नळी दिसली मला. सांध्यापाशी फुगलेली, बेडकाच्या गळ्यासारखी. 'अहो, ही फुटेल', अगदी ओठांवर आलं होतं.

सासू : मग?

सून : मग काय! तुमची शपथ आठवली. म्हटलं, बोलले आणि फुटली, तर माझ्याच जिभेनं फोडली म्हणाल. दातओठ आवळून चादरींच्या घड्या घालत बसले. आणि फुटली. मी न बोलता फुटली! आता सांगा, जीभ कुणाची काळी?

सासू : हळू. त्याला ऐकू जाईल आत.

सून : जाऊ दे.

सासू : बरं, जा. भेटून ये त्याला… थांब जरा. बोटं हलतील ना गं त्याची?

सून : मला कशाला विचारता? डॉक्टरांना विचारा.

सासू : ते धीर देतील. तू बघून ये, आणि तू सांग.