भंडाऱ्याचा हात आणि निळा दिवा

मंडळी, मागं उभे आहात ते पुढं या. वैजयंती मॅडमना मागं उभं राहिलेलं माणूस आवडत नव्हतं. मी जीपवाला बसवराज, बोलण्यावरच पोट भरलेला माणूस. पण आज बोलण्याची गाडी स्टार्टच होईना.

मॅडम इथं धाराशिवला रसायनशास्त्र शिकवायच्या, हे तुम्हाला ठाऊक. माझ्या जीपमधून त्या आमच्या अणदूरला का यायच्या, ते सांगतो.

आपल्या बाया दिवसभर रानात. आडोसा नाही, म्हणून पाणीच पीत नाहीत. लघवीला जळजळ झाली की म्हणायचं, "उन्हाळी लागली." धने भिजवलेलं पाणी प्यायचं आणि गप बसायचं. मॅडमनी एक रसायन केलं होतं. लघवीत जंतू असले की ते त्यांना चिकटायचं आणि निळ्या दिव्याखाली हिरवं चमकायचं. लॅबचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, हे तासाभरात. अजून पारखणं चालू होतं.

खंडोबाच्या जत्रेच्या दिवसांत शिबिर ठेवलं. अंधार हवा म्हणून मॅडम डोक्यावरून घोंगडं घेऊन नळ्या बघत होत्या. पहिली चमकली. दुसरी चमकली. मग चमकतच राहिल्या. बाहेर कुजबुज, "अख्ख्या गावालाच रोग लागला की काय?" शिबिरातले डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांना गोळ्या सुरू करायच्या का?"

"थांबा," घोंगड्यातून आवाज आला. मग, "बसवराजभाऊ, तुमचा हात आत घाला."

घातला. मंडळी, माझा पंजा चमकला! मी देवळातून आलेलो, बोटांना भंडारा. बायाही दर्शन करून आलेल्या, त्याच हातांनी बाटल्या उघडलेल्या. हळद चमकत होती, हळद!

हशा उसळला. एक म्हातारी म्हणाली, "मल्हारीनंच फसिवलं की वो मॅडमला!" बाया पदर सावरत घरी निघाल्या.

मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "खोट्या चमकांत एखादी खरी असली तर? सगळ्यांना परत बोलवा."

कोण येतंय? "हळद व्हती ती, आता कशाला?"

माझी धाकटी बहीण सुनंदा बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. शिबिरात तिचीही नळी चमकली होती. दाराआडून म्हणाली, "दादा, माझं बी हळदीचंच असंल." शब्द ठीक होते. पण गाडीचं बेअरिंग कधी जाणार, हे मी आवाजावरून सांगतो. तिचे दात वाजत होते.

मी मॅडमना सांगितलं. त्या येऊन आमच्या उंबऱ्यावरच बसल्या. "बाळ, साबणानं हात धू आणि नवी बाटली घे. मी उठत नाही इथून."

आई कुजबुजली, "व्याही आलेत वो, काय म्हणतील?"

"त्यांनाही हात धुवायला सांगा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा घोंगडं. मी बाहेर उभा, गाडीची किल्ली मुठीत रुतलेली. मॅडम बाहेर आल्या. "चमकतंय."

"नक्की ना, मॅडम?"

"माझ्या रसायनावर अजून माझाच पुरता विश्वास नाही. पण तिच्या तापावर आणि थंडीवर आहे. गाडी काढा."

त्या दिवशी धाराशिवचा रस्ता संपता संपेना. मागं मॅडमच्या मांडीवर सुनंदाचं डोकं. ती कण्हायची, तेव्हा मी घाबरायचो. ती गप झाली की जास्त घाबरायचो. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, नमुना लॅबला पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता सलाईन लावलं. म्हणाले, "किडनीपर्यंत पोचलंय. उद्यावर टाकलं असतं तर..."

रिपोर्ट आला. जंतू होतेच. मी पेढे घेऊन कॉलेजात गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "पेढा खाते, पण भाऊ, एकदा बरोबर निघालं म्हणून उद्या निघेलच असं नाही. अजून नमुने हवेत." अशी बाई! स्वतःच्या यशालाही आधी हात धुवायला लावणारी.

ती बघा, तिसऱ्या रांगेत सुनंदा बसलीय. मांडीवर लेक आहे. आणि मॅडम फोटोत. काम अर्ध्यावर, आणि त्यांचं काळीज असं अचानक थांबलं. असं का, हे कुणाला विचारायचं?

अणदूरच्या बायांनी फोटोपुढं भंडाऱ्याचं ताट ठेवलंय. वाहा, मनापासून वाहा. रविवारी मॅडमचे विद्यार्थी तोच दिवा आणि तेच घोंगडं घेऊन गावात येणार आहेत. माझ्या आयाबहिणींनो, त्या दिवशी आधी बाटली, मग देऊळ. आणि दुखत असेल तर बोला.

आता उभे राहू. थोडा वेळ गप राहू. मॅडम, बायांचं गप राहणं तुम्हाला कधी खपलं नाही. आजच्यापुरतं तेवढं खपवून घ्या.